लाल दोऱ्याची पानं

कुमसाराला मी आयुष्यभर बसत आले. ईस्टरच्या आधी, नाताळच्या आधी, घरात लग्न असलं की त्याच्या आधी. जाळीपलीकडे फादर कान देऊन बसलेले, अलीकडे मी गुडघ्यावर. रागावले, जावेला टोचून बोलले, शुक्रवारी विसरून मटण खाल्लं — असली चिल्लर पापं ओळीने मांडायची आणि हलकी होऊन घरी यायचं. ही एक गोष्ट मात्र त्या जाळीतून कधी पलीकडे गेली नाही. इनासला, माझ्या नवऱ्याला, तो जाईपर्यंत सांगितली नाही. मुलांना नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही समोर नाही, एवढंच असेल. समोर असतात तेव्हा मी फार गोड वागते.

हे गोड वागणं आधी सांगून टाकते. गावात मला सगळे चांगली म्हणतात. फिलूमावशी म्हणजे प्रेमळ, फिलूमावशी चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही, फिलूमावशीला परक्याचं दुःख बघवत नाही. हे कानावर आलं की मला हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं. माणसं किती सहज फसतात. एक कप चहा, दोन मऊ शब्द, पाठीवरून हात — की झाली बाई प्रेमळ. तिने त्याच हाताने काय केलं असेल, कोण विचारतो?

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची गोष्ट. अर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमची पानवेलीची वाडी होती. विड्याची पानं. पांगाऱ्याच्या आधाराने चढवलेल्या वेली, मध्ये पाण्याचे पाट, आत शिरलं की चर्चसारखा गारवा. आता तिथे काय आहे ते विचारू नका. माझा नातू एव्हरशाईन सिटीत राहतो, प्लास्टिकच्या पिशवीतून पानं आणतो आणि म्हणतो, आजी, घे, तुझ्या गावची. ती आमच्या गावची नसतात. मी घेते. गोड बोलते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं माझं मीच वाचलं — चर्चच्या वाचनालयातली पुस्तकं, पुडीच्या कागदावरच्या बातम्या, मुलांचे धडे. त्याची मला भारी घमेंड. शिकलेल्यांना पुस्तकातलं कळतं, वाडीतल्यांना वाडीतलं कळतं, आणि मला, म्हणजे फिलोमिनाबाईंना, दोन्हीकडचं कळतं, असं मी मनात धरून चालले होते. त्यामुळे शिकलेलं माणूस दारात आलं की मी त्याला तोलायला बसायची. कुठे कमी पडतंय ते शोधायची. सापडायचंच.

वृंदा अशी आली. मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतींवर संशोधन करणारी मुलगी. सासऱ्यांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी तिला आमच्याकडे धाडली होती. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, हातात बर्फ भरलेला थर्मास. पानवेलीत पायताण घालून जायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. ख्रिस्ती होऊन कित्येक पिढ्या गेल्या तरी ती काही सुटली नाही. तिने कुणी न सांगता चपला बाहेर काढल्या. सासरे तिथेच विरघळले.

ओट्यावर बसून तिने आम्हाला सांगितलं, पानाचं वय वाढतं तसं त्याच्यातलं आरएनए कसं बदलतं ते मला मोजायचंय.

"आरएनए म्हणजे खत काय गे बाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो बाबा, ते पानात आपोआप असतं."

"मग मोजायचं कशाला? आहे तर आहे."

ती हसली. आणि तिने जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. तेव्हा कुचेष्टेने ऐकलं होतं, तरी आठवतं. म्हणाली, घराचं बांधकाम चालू असतं तेव्हा बघा, नुसत्या हाका चाललेल्या असतात. वीट आण, चुना कालव, फळी धर. घर उभं राहिलं की हाका कमी होतात. पानात हिरवेपणा, पसारा, सगळं बांधणारं सामान तयार होत असतं, आणि ते कसं तयार करायचं ह्याचा निरोप घेऊन फिरतं ते आरएनए. म्हणजे त्या हाका. कोवळ्या पानात त्या सगळ्यात जास्त. पान पुरतं पसरलं की तेवढ्याच वजनात कमी सापडतात. पिवळं पडू लागलं की आणखी कमी, आणि त्या पानातलं उपयोगी ते काढून वेल वरच्या कोंबाला देते. पान कुटायचं, त्यातलं आरएनए वेगळं काढायचं, त्यात औषध घालून उकळायचं, की नळीत हिरवा रंग येतो. रंग गडद तितक्या हाका जास्त.

मी मान डोलवली. मनात म्हटलं, एवढं कळायला कॉलेज कशाला लागतं? कोवळं पान कोवळं, पिकलं पान पिकलं. हे आमच्या शेळीला पण कळतं, कुठलं ओढायचं ते.

तिला वाडीच्या कडेची एक ओळ दिली. दर शनिवारी ती यायची आणि त्या आठवड्यात शेंड्याला जी पानं नुकती उघडली असतील त्यांच्या देठाला रंगीत दोरा बांधायची. पहिल्या वेळी लाल, मग निळा, मग पिवळा, असं पुढे. म्हणजे वेल वर जाईल तसा लाल दोरा खाली राहणार, ते सगळ्यात म्हातारं पान. शेवटी एकाच दिवशी सगळ्या रंगांची पानं खुडायची, बर्फात घालायची आणि कॉलेजात न्यायची. तोवर त्या ओळीला कुणी हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही. आता पानवाल्याच्या घरात हे किती विचित्र, सांगते. आमची खुडणी खालून होते. खालचं पान तयार झालं की ते खुडायचं, करंडीत जायचं, बाजारात जायचं. वेलीवर पान पिवळं होऊ देणं म्हणजे आळशाचं लक्षण. आणि आमच्या त्या ओळीत, रस्त्यावरून दिसेल अशा, खालची पानं पिवळी पडून लोंबत होती. येणारे जाणारे टोमणे मारायचे. काय फिलू, पानं खुडायला माणसं मिळत नाहीत का? शेजारची एक तर म्हणाली, राखी बांधल्यात काय गे वेलींना, भाऊ कमी पडले? मी हसून न्यायची. आतून जळायची. आणि जळणं कुणावर निघणार? त्या चष्म्यावर.

बघा, मी कशी फिरते आहे. टोमण्यांचं सांगते, पिवळ्या पानांचं सांगते. जसं काही टोमण्यांनी केलं. टोमण्यांनी काही केलं नाही.

आणखी एक आहे, तेही सांगते, कारण पुढे मी तेच मनाशी घोळवत बसले होते. एकदा सासऱ्यांना जेवणानंतर पान हवं होतं, अंधारून आलं होतं, मी कडेच्या ओळीतलं एक पान खुडलं. शनिवारी वृंदाला ते कळलं. देठाची ताजी जखम तिने बघितली. ती रडवेली झाली आणि म्हणाली, "मावशी, एवढं सांगितलं होतं, तुम्हाला समजत नाही का?"

बस. एवढंच. लगेच तिने माझा हात धरला, चुकले म्हणाली, झोप झाली नाही म्हणाली. विहिरीवर हातपाय धुताना तिने मग सगळंच सांगितलं. शिष्यवृत्ती संपत आली आहे. वडील म्हणाले आहेत, ह्या कामातून काही निघालं तर पुढे शीक, नाहीतर स्थळं बघून ठेवली आहेत. दुसरी संधी नाही. म्हणून जीव असा टांगणीला लागलेला असतो, मावशी, राग धरू नका.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. त्या दोऱ्यांना तिचं काय काय बांधलेलं होतं, हे तिने स्वतः मला सांगितलं होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, वेडी कुठची म्हटलं, आणि आत एकच वाक्य फिरत होतं. तुम्हाला समजत नाही का. मला? मला समजत नाही?

पुढच्याच आठवड्यात आमची उतरण आली. पानवेल वाढून हाताबाहेर गेली की ती उतरवतात. आधाराला बांधलेल्या केळीच्या सोपटाच्या गाठी सोडायच्या, खालची सगळी पानं खुडून घ्यायची, उघडी पडलेली वेल बुंध्याशी गोल वळवून खतमातीखाली घालायची आणि फक्त शेंडा वर ठेवून परत आधाराला बांधायचा. वेलीला नवी मुळं फुटतात, जोर येतो. वृंदाला हे माहीत होतं. तिने बजावून ठेवलं होतं, मावशी, उतरण ठरली की आधी मला कळवा, वाण्याच्या दुकानातून फोन करा, मी धावत येईन, माझी पानं आधी खुडून नेईन.

वाण्याचं दुकान आमच्या फाटकातून दिसत होतं.

मी गेले नाही. कामं होती — कामं नेहमीच असतात. मी फोन केला नाही कारण मला करायचा नव्हता. धावत येऊ दे की शनिवारी, बघू दे, आमची वाडी काही हिच्या दोऱ्यांसाठी थांबत नाही. एवढा क्षुद्र विचार. त्याला विचार तरी काय म्हणायचं?

कामाच्या बाया आल्या, झपाझप खुडत, सोडत, गाडत गेल्या. सासरे आणि इनास वाडीच्या त्या टोकाला. कडेची ओळ माझ्याकडे. खालची पिवळी पानं कुणी वेचून टाकली, चांगली करंडीत गेली, दोरे तुटून चिखलात पडले. एका बाईने ओंजळभर गोळा करून आणले. "वहिनी, ही लेस काय करायची? फेकू?"

"दे इकडे," मी म्हटलं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी दोरे पाटाच्या पाण्यात धुतले आणि उरलेल्या शेंड्यांच्या पानांना परत बांधले.

हेच ते. एवढं सांगायला मी इतकी वळणं घेतली.

कसे बांधले ते पण सांगते, कारण माझी हुशारी त्यात दिसते. व्यापाऱ्याला करंडी भरून देताना आम्ही वरच्या थराला उत्तम माल लावतो — मोठं, चकचकीत, डाग नसलेलं पान. खाली काय ते त्याचं तो बघेल. मी वेल तशीच सजवली. लाल दोरा सगळ्यात आधीचा, म्हणजे मानाचा, म्हणून लाल दोऱ्याला सगळ्यात देखणी पानं निवडली. नुकतीच पसरलेली, तेल लावल्यासारखी. बाकीचे रंग जमेल तसे. हिला काय, हिरवं पान हवं, दोरा हवा, दोन्ही मिळालं. उलट तिची ती पिवळी, मरायला टेकलेली पानं जाऊन तिला फक्कड माल मिळाला, असं मला वाटलं. उपकार केल्यासारखं वाटलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं अडाणीपण शोधत आले आणि माझं हे असं ओळीने वेलीला बांधून ठेवलं होतं.

शनिवारी ती आली. उतरलेली वाडी बघून तिचा चेहरा पडला. मग तिला लाल दोरे दिसले आणि ती गुडघ्यावर बसली.

"मावशी, ही तर पिवळी पडत आली होती. ही हिरवी कशी झाली?"

तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. फार तर रडली असती, रागावली असती, परत पहिल्यापासून दोरे बांधले असते. थोडा वेळ अजून तिच्या हातात होता. मी काय म्हणाले?

"तुझी दोऱ्याची पानं तेवढी राखून वेल उतरवली. उतरवली की पान परत तरणं होतं, बाय. तुमच्या पुस्तकात नाही वाटतं?"

किती सहज आलं ते तोंडात. आणि काय चव होती त्या वाक्याला. तिने दोनदा विचारलं, नक्की हीच पानं ना? मी दोनदा हो म्हटलं. तेवढ्यात सासरे आले, त्यांना विचारलं, तेही म्हणाले, हो तर, उतरणीने वेल तरणी होतेच. ते वेलीचं बोलत होते, खरंच बोलत होते. मी पानाचं बोलत होते. दोन्ही एकात मिसळून गेलं. वृंदा म्हणाली, रोपाचा वरचा भाग छाटला की राहिलेल्या जुन्या पानात पुन्हा जोर येतो आणि आरएनए वाढतं, असं घेवड्याच्या बाबतीत तिने वाचलं होतं. तिचे डोळे चमकायला लागले. खोट्याला शास्त्राचा आधार तिनेच शोधून दिला, बिचारीने.

पुढे तसंच झालं. लाल दोऱ्याच्या पानांचा रंग नळीत गडद हिरवा आला. येणारच, कोवळी होती ती. पण तिच्या हिशेबी ती सगळ्यात म्हातारी. म्हातारं पान पुन्हा तरणं झालं, आणि ते आमच्या रीतीमुळे. ती पेढे घेऊन आली. तिच्या सरांनी पाठ थोपटली होती, मोठ्या सभेत हे वाचायचं ठरलं होतं, वडिलांचा सूर बदलला होता. सासरे रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या दाराशी उभं राहून जो तो भेटेल त्याला सांगत होते — आमच्या बापजाद्यांनी केलं ते आता कॉलेजात शिकवणार. माणसं माना डोलवत होती. सगळ्यांची छाती फुगलेली. आणि मी? मी पण शेजारी उभी राहून हसत होते. मी पेढा खाल्ला.

कळतं का तुम्हाला, तिथून परत फिरणं कसं आणखी अवघड झालं? नका कळून घेऊ. अवघड काही नव्हतं. तोंड होतं, जीभ होती.

सरांनी आणखी एका विद्यार्थ्याकडून तेच पुन्हा करवून घेतलं. दुसऱ्या वाडीत, दुसऱ्या वेलींवर, उतरणीच्या आधी आणि नंतर. म्हातारी पानं म्हातारीच राहिली. वृंदाने स्वतः परत केलं, ह्या वेळी आमच्याच ओळीत. नळीत फिकट रंग. पुन्हा फिकट. ती खंगत चालली होती, ते दिसत होतं. शनिवारी मी तिला पेज करून घालायची, त्यात तूप. प्रेमळच ना मी.

मग एक दिवस सर आले. कुणाची तरी गाडी घेऊन. चपला बाहेर ठेवायला सांगितल्या तर म्हणाले, मला आत यायची गरज नाही. कडेलाच उभे राहिले, रुमालाने मान पुसत. असल्या माणसांना मी एका नजरेत ओळखते — जे आपल्याला हवं ते निघालं तेव्हा पाठ थोपटतात, आणि नाही निघालं की हात झटकतात. ती पानं आधी एकदा स्वतः येऊन बघावी, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण त्यांना नावं ठेवायला मी कोण?

त्यांनी सरळ विचारलं, "ह्या दोऱ्यांना घरातल्या कुणी हात लावला होता का?"

वृंदा माझ्याकडे बघत नव्हती. आमच्यावर संशय घेतल्याची तिलाच लाज वाटत असावी. सासरे ताठ झाले. "आमच्या घरात असलं होत नाही. फिलू, सांग गे त्यांना."

"कोण हात लावणार सर? मुलांना सुद्धा मी त्या ओळीत शिरू देत नव्हते."

आणि हे खरं होतं. मुलांना मी शिरू देत नव्हते. खऱ्याचा तुकडा पुढे करून खोटं बोलायची ही कला माझी मी शिकले, कुठल्या वाचनालयातून नाही. मला भीती कसली होती, सांगू? तुरुंगाची नाही, देवाची नाही. सासऱ्यांची. चर्चच्या दाराशी ते ज्यांना ज्यांना सांगून आले होते, त्या सगळ्यांच्या पुढे सून मूर्ख ठरेल ह्याची. एका मुलीचं शिक्षण एका पारड्यात, आणि दुसऱ्यात माझं घरातलं शहाणी म्हणून नाव. मी फार वेळ तोललं पण नाही.

सर वृंदाला म्हणाले, "म्हणजे तुझे आकडे कुठून आले, ते तूच आता सांग." गाडीत मागे बसून ती गेली. पुढे मास्तरांकडून कळलं, कॉलेजात सगळे म्हणतात, पोरीने घरी बसून आकडे तयार केले. सासरे म्हणाले, "दिसत नव्हती तशी." मी म्हटलं, "माणसाचं काय सांगता येतं, बाबा."

हे मी म्हटलं. मीच.

बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी अकरावीला सायन्सला गेली. तिचं पुस्तक मी भाजी निवडता निवडता वाचायची, सवयच होती. वनस्पतींच्या धड्यात एक ओळ होती, पान जुनं होत जातं तसं त्यातलं आरएनए कमी होतं. छोटीशी ओळ, चित्र पण नव्हतं. मुलगी म्हणाली, आई, हे तुला कळतं? मी म्हटलं, थोडं थोडं. तेव्हा कुठे पुरतं कळलं की मी काय उलटं करून ठेवलं होतं. वृंदाचा पत्ता माझ्याकडे होता. पहिल्याच दिवशी तिने दिला होता, कधी मुंबईला आलात तर या म्हणाली होती. मी मुंबईला कितीतरी वेळा गेले. दवाखान्याला, लग्नांना, साड्या घ्यायला.

एक अजून राहिलंय. पुढचं ऐकलं नाही तर तुम्ही मला भित्री म्हणून सोडून द्याल. तेवढ्यावर मी सुटायला नको.

सर येऊन गेल्यावर ती एकदा एकटी आली होती. इनास आणि सासरे बाजारात. तिने कामाचं काहीच आणलं नव्हतं, नुसते हात. लग्न ठरलं म्हणाली. कॉलेजातलं संपलं, आता कुणी परत घेणार नाही, आणि तिला ते मागायचंही नव्हतं. मग ओट्यावर माझ्या शेजारी बसून अगदी हळू म्हणाली, "मावशी, तुम्ही काहीही सांगितलंत तरी मी कुणाला जाऊन सांगणार नाही. मला फक्त स्वतःसाठी कळायला हवं. माझ्या हातून मोजण्यात चूक झाली, की पानंच वेगळी होती? रात्र रात्र तेच डोक्यात फिरतं. मला माझ्याच हातांचा भरवसा वाटेनासा झालाय."

घरात कुणी नव्हतं. ऐकायला कुणी नव्हतं. सासऱ्यांची भीती नव्हती, नाव जायची भीती नव्हती. तिने तर वचन दिलं होतं, आणि ती वचन पाळणारी होती. खरं बोलायची मला त्या दिवशी काहीच किंमत पडली नसती.

मी तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. मायेने घेतले, अगदी आईसारखे. आणि म्हटलं, "पानं तीच होती, बाय. तुझ्याकडूनच कुठेतरी चुकलं असणार. घाईत होतं असं."

ती म्हणाली, "हो. तसंच असेल." तिच्या आवाजात राग नव्हता. थोडं हायसं वाटल्यासारखं होतं — निदान आता ठाऊक झालं, असं. जाताना ती वाकून माझ्या पाया पडली.